मुलुंडच्या गच्चीवरून अश्वमुख तेजोमेघ : दोन हिवाळ्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे मुंबईतल्या कुठल्याही गच्चीवरून दिसतात. डिसेंबरात संध्याकाळनंतर ते पूर्वेला उगवतात तेव्हा जवळजवळ एकावर एक उभे असतात. त्यांतला सगळ्यात खालचा अल्निटाक. त्याच्या दक्षिणेला जेमतेम अर्ध्या अंशावर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या एका रुंदीइतक्या अंतरावर, अश्वमुख तेजोमेघ आहे. यादीतलं त्याचं नाव बर्नार्ड ३३. घोडा स्वतः काळा, थंड धुळीचा. मागे आयसी ४३४ नावाचा तापलेल्या हायड्रोजनचा मंद लाल पडदा आहे, म्हणून तो दिसतो. १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग यांना तो एका काचेच्या प्लेटवर सापडला. त्यांनी नोंद घोड्याची केली नव्हती, तेजोमेघातल्या एका अर्धगोल खाचेची केली होती. ती खाच पुढे पुन्हा येईल.

हे प्रकरण मुलुंडमध्ये राहणाऱ्या एका २७ वर्षांच्या मुलीचं आहे. हिशेबाच्या ऑफिसात नोकरी, आठवड्यातले सहा दिवस लोकलचा प्रवास, आणि शाळेत असताना वांगणीला पाहिलेल्या एका रात्रभराच्या आकाशदर्शनाची मनात राहिलेली ओढ. तिच्या परवानगीने लिहितो आहे. नाव आणि सोसायटी ओळखू येईल असं सगळं गाळलं आहे. ती मला काका म्हणते आणि अडलं की फोन करते. त्यामुळे यातले बरेचसे निर्णय तिचे आहेत, आणि सल्ले, चुकलेले धरून, माझे.

सामान साधं होतं. ७२ मिमी व्यासाची, ४०० मिमी नाभीय अंतराची छोटी दुर्बीण, जुना विकत घेतलेला डीएसएलआर, ताऱ्यांच्या मागे दुर्बीण फिरवणारं लहान माउंट, ज्यावर गायडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दिशेची चूक सतत सुधारणं, करता येतं, आणि एक लॅपटॉप. जागा म्हणजे सात मजली इमारतीची गच्ची. एका बाजूला पाण्याच्या टाक्या, दुसरीकडे लिफ्टची मशीनरूम, आणि टाकीच्या भिंतीवर रात्रभर जळणारा पांढरा एलईडी फ्लडलाइट.

अडचण

पहिल्या वर्षीच्या जानेवारीत तिने एका रात्रीत ३० सेकंदांचे १२० फोटो काढले. त्याहून जास्त वेळ उघडायची सोयच नव्हती. ६० सेकंदांतच हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजव्या, पांढऱ्याफटक टोकाच्या भिंतीला टेकायला लागायचा. तासाभराचं हे काम स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून एक चित्र बनवल्यावर, समोर आला एक करडा-नारिंगी आयत, त्यात अल्निटाकचा भलामोठा गोळा आणि शेजारी फ्लेम तेजोमेघाची पुसट फांदी. घोड्याच्या जागी काहीच नव्हतं. कॉन्ट्रास्ट अगदी टोकाला नेला तेव्हा एका कडेला किंचित आत गेलेली एक खाच दिसली, इतकंच.

कारणं दोन, आणि ती वेगवेगळी समजून घ्यायला हवीत. पहिलं आकाश. चांगल्या काळ्या जागी आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) २१ प्रतीच्या आसपास असते, मुंबईच्या आत ती १८च्या घरात येते; प्रतीचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. तीन प्रती म्हणजे जवळपास १६ पट उजेड. त्या उजेडाचा नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, झाकून तोच दर्जा मिळवायचा तर साध्या फोटोला तितकाच पट वेळ द्यावा लागतो. तिथल्या एका तासासाठी इथे सोळा तास.

दुसरं कारण कॅमेरा. तेजोमेघाचा लाल उजेड ६५६.३ नॅनोमीटरवर येतो, हायड्रोजन-अल्फाच्या एकाच रेषेत. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढे जी काच बसवलेली असते ती या रेषेचा साधारण चौथा हिस्साच आत सोडते. माणसांचे चेहरे नैसर्गिक दिसावेत म्हणून ती सोय आहे. आपला घोडा मात्र तिथेच अडतो.

समोरचे पर्याय

मी पहिल्यांदा तिला लक्ष्य बदलायला सांगितलं. मृगातलाच मोठा तेजोमेघ एम ४२ घे, किंवा शृंगाश्वातला रोझेट घे, तो मोठा आहे, शहरातूनही हाती लागतो. तिने स्वच्छ नकार दिला. "काका, मला तोच घोडा हवाय. बाकीचे मी नंतर करीन." आज विचार करता तिचं बरोबर होतं असं वाटतं. सोपं लक्ष्य घेतलं असतं तर चित्र लवकर मिळालं असतं, पण पुढच्या वर्षभरात ती जे शिकली ते राहून गेलं असतं.

दुसरा पर्याय मुंबई सोडायची. वांगणीच्या बाजूलाही आता उजेड वाढला आहे. खरं काळं आकाश हवं तर मुरबाडच्या पुढे माळशेजकडे जायला हवं. त्यासाठी गाडी, बॅटरी, सोबत, रात्रभराची सुरक्षित जागा आणि दुसऱ्या दिवशीची रजा. त्यातही चंद्र नसलेला शनिवार हिवाळ्यात तीन-चारदाच येतो. घरचे तिला अडवत नव्हते, पण दर वेळी कुणाला तरी सोबत चल म्हणायचं, हे तिलाच नको होतं.

तिसरा पर्याय फिल्टर, आणि इथे पैसे वाया गेले. तिने आधी जुन्या पद्धतीचा प्रकाशप्रदूषण फिल्टर घेतला. हे फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळातले. सोडियमचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो, तेवढा पट्टा अडवला की काम होतं. पण मुंबईच्या रस्त्यांवर आता एलईडी आहेत. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे दिवे लागले तेव्हा राणीच्या हाराचा रंग गेला म्हणून केवढी ओरड झाली होती. तोच बदल गल्लोगल्ली झाला आहे, आणि एलईडीचा उजेड सगळ्या दृश्य पट्ट्यात पसरलेला असतो. एक पट्टा अडवून काही साधत नाही. ही गोष्ट मी तिला आधी सांगायला हवी होती. ती खरेदी करून आली तेव्हा मला कळलं.

उरले दोन उपाय: कॅमेऱ्यातली ती काच काढून घेणं, आणि ड्युअल-बँड फिल्टर. हा फिल्टर हायड्रोजन-अल्फा आणि ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा यांच्याभोवती प्रत्येकी ७ नॅनोमीटरची फट ठेवतो आणि बाकी सगळं बंद करतो. लाल पट्ट्यात ढोबळमानाने १०० नॅनोमीटरचा शहरी उजेड येत असेल तर त्यातले सातच आत येतात, तेजोमेघाचा उजेड मात्र जवळजवळ पूर्ण येतो. थंड करता येणारा खगोलीय कॅमेरा याहून सरस, पण तो तिच्या आवाक्याबाहेर होता. पावसाळ्यात आकाश बंद असताना तिने कॅमेरा उघडून घेतला आणि दिवाळीच्या बोनसमधून फिल्टर आणला.

गच्चीवर

दुसऱ्या हिवाळ्यातलं पहिलं भांडण ध्रुवाशी. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर असतो, आणि तिच्या गच्चीवर नेमक्या त्याच दिशेला टाक्या आहेत. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावायचा कसा? लॅपटॉपवरच्या एनआयएनए या मोफत प्रोग्रॅममध्ये आकाशाच्या कुठल्याही भागाचे तीन फोटो घेऊन अक्ष जुळवायची सोय आहे. त्यावर दहा मिनिटांत काम व्हायला लागलं.

मग गायडिंग. आलेखाची रेघ शांत चालायची आणि मध्येच उसळायची. वारा नाही, केबल ओढली जात नाही, आणि तरी दर काही मिनिटांनी तीच उसळी. तिचे बाबा खुर्ची टाकून, कानटोपी घालून सोबत बसायचे. एका रात्री ते म्हणाले, "अगं, लिफ्ट चालू झाली की होतंय." खरंच तसं होतं. तिपाई मशीनरूमला लागून होती; कुणी रात्री उशिरा घरी आलं की मोटर फिरायची, स्लॅब थरथरायचा आणि तारे लांबट व्हायचे. खालच्या मजल्यावर कॉलम कुठून वर येतात ते पाहून, तिसऱ्या दिवशी तिने गच्चीच्या विरुद्ध कोपऱ्यात चायना मोझॅकवर खडूने तीन खुणा केल्या. त्या कोपऱ्यात उसळी थांबली. खुणा रोज त्याच जागी असल्याने अक्ष जुळवायचा वेळही वाचला.

तिसरा प्रश्न फ्लडलाइटचा. इथे आमचा निर्णय चुकला आणि त्याची किंमत पुढे कळली. फिल्टर सात नॅनोमीटरचा आहे, दुर्बिणीच्या तोंडाला काळ्या योगा मॅटची लांब नळी लावली आहे, आता दिव्याने काय होणार, असं मीच म्हणालो. डिसेंबरच्या तीन रात्री दिवा चालू ठेवूनच गेल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना विनंती करायला तिला संकोच वाटत होता. गच्चीची किल्ली मिळाली हेच खूप, असं तिचं म्हणणं. शेवटी जानेवारीत तिने तारखा घालून लेखी अर्ज दिला, बाबा सोबत असतील असं नमूद केलं, आणि शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांना दुर्बिणीतून चंद्राचे खड्डे दाखवले. सेक्रेटरींच्या नातवाने तीनदा रांग लावली. त्यानंतर दिवा तिच्या रात्रींना ९ ते १ बंद राहू लागला.

एकूण नऊ रात्री, प्रत्येकी ३ मिनिटांचे २८६ सब, म्हणजे सुटे फोटो. धुरकट हवा, दव, ढगांचा पातळ थर आणि लिफ्ट यांच्यापायी ६५ गेले. उरले २२१, म्हणजे ११ तास ३ मिनिटं. दर दोन सबनंतर दुर्बीण किंचित सरकवायची, म्हणजे डिदरिंग, हे तिने पहिल्या रात्रीपासून पाळलं. आदल्या वर्षी ते न केल्याने चित्रभर तिरक्या रेघांचा पाऊस पडला होता.

प्रोसेसिंग आणि तीन वळणं

पहिलं चित्र तिने फेब्रुवारीच्या शेवटी पाठवलं. काळीभोर पार्श्वभूमी, लालबुंद कड, आणि त्यात स्पष्ट घोडा. मी लगेच "वा!" म्हणून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर खटकलं, की पडदा पश्चिमेकडे अचानक संपतो. आयसी ४३४ तसा नाही. त्याला पेटवणारा सिग्मा हा तारा घोड्याच्या पश्चिमेला आहे, आणि पडदा त्या बाजूला हळूहळू विरत जातो. इथे तो कात्रीने कापल्यासारखा होता.

कारण सिरिल या स्टॅक करायच्या प्रोग्रॅममधल्या एका पायरीत सापडलं. शहराच्या उजेडाचा उतार, म्हणजे ग्रेडियंट, काढण्यासाठी प्रोग्रॅम चित्रभर नमुन्याचे ठिपके टाकतो, ते ठिपके म्हणजे रिकामं आकाश असं धरून एक पृष्ठभाग बनवतो आणि तो वजा करतो. तिने ठिपके आपोआप टाकू दिले होते आणि पृष्ठभाग वाकणारा निवडला होता. मृगाच्या या भागात रिकामं आकाश जवळजवळ नाहीच. पश्चिमेला विरणारा पडदा आहे. पूर्वेची बाजू काळी दिसते ती धुळीच्या ढगामुळे. दोन्ही बाजूंचे तारे मोजले तर पूर्वेला ते कितीतरी कमी भरतात, मागचे सगळे झाकले गेले आहेत. प्रोग्रॅमने पडद्यालाच शहराचा उजेड समजून पुसून टाकलं होतं.

पर्याय होते: ठिपके हाताने निवडून टाकायचे, ही पायरीच गाळायची, किंवा स्टॅक करण्याआधी प्रत्येक सबवर फक्त पहिल्या घाताचा, म्हणजे सपाट फळीसारखा उतार वजा करायचा. तिने शेवटचा निवडला, आणि त्यामागचा विचार पटण्यासारखा होता. तीन मिनिटांत शहराचा उतार सरळच असतो. रात्रभरात मृग पूर्वेकडून दक्षिणेला आणि पुढे पश्चिमेला सरकतो तसा तो फिरत जातो, आणि सगळे उतार एकत्र झाले की गुंतागुंत होते. शिवाय सपाट फळीला वाकून तेजोमेघ खाता येत नाही.

पडदा परत आला. पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी आलं. पश्चिमेच्या कोपऱ्याकडे एक मऊ, पसरट उजेड, पडद्याचीच पुढची घडी वाटावी असा. तिचा फोन रात्री अकराला आला. "काका, हे बघा, हे कुणाच्या फोटोत एवढं येत नाही!" तिचा आनंद खोटा ठरवायची इच्छा होत नव्हती, पण हा उजेड तेजोमेघाचाच कशावरून, हे विचारणं भाग होतं.

मी सुचवलेली कसोटी अशी: सबचे दोन गट करायचे, दोन वेगळे स्टॅक बनवायचे आणि शेजारी ठेवून पाहायचे. जे दोन्हींत आहे ते खरं. तिने सम आणि विषम क्रमांकांचे गट केले, ११० आणि १११. उजेड दोन्हींत होता. आम्ही दोघांनीही सुस्कारा सोडला.

चार दिवसांनी तिनेच पुन्हा फोन केला. ऑफिसात दोन महिन्यांचे हिशेब ताडून बघताना तिला शंका आली होती: सम-विषम गटांत प्रत्येक रात्र निम्मी-निम्मी वाटली गेली. चूक एखाद्या रात्रीतच असेल तर ती दोन्हीकडे सारखीच जाणार. त्या कसोटीने एवढंच कळलं, की तो उजेड नॉइज नाही. कुठून आला हे कळलंच नव्हतं. तिने मग रात्रींप्रमाणे गट केले. एकात डिसेंबर, दुसऱ्यात जानेवारी-फेब्रुवारी.

डिसेंबरच्या स्टॅकमध्ये उजेड ठळक होता. दुसऱ्यात नव्हता.

फ्लडलाइट. योगा मॅटच्या नळीच्या आतल्या कडेवरून परावर्तित होऊन, फिल्टरच्या फटीतून जेवढा येऊ शकतो तेवढा तो आला होता, आणि अकरा तासांच्या स्टॅकमध्ये साठत गेला. फ्लॅट फ्रेम्सनी, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोंनी, तो जात नाही, कारण फ्लॅट दुर्बिणीच्या काचांतला फरक दुरुस्त करतात, बाहेरून आत आलेला उजेड नव्हे. सपाट फळी वजा करूनही जात नाही, कारण तो डाग गोलसर आहे.

आता निर्णय: डिसेंबरचे ७० सब ठेवायचे की टाकायचे? ते टाकले तर साडेतीन तासांचं काम जातं, उरतात १५१ सब, ७ तास ३३ मिनिटं, आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तर, म्हणजे खऱ्या उजेडाचं खरखरीशी प्रमाण, सुमारे १७ टक्क्यांनी घसरतं. तो कोपरा ब्रशने गडद करणं पाच मिनिटांचं काम होतं. तिने सब टाकले. ब्रश फिरवला तर घोड्याच्या भोवतीचं तरी खरं काय आहे हे मला कसं कळणार, असं ती म्हणाली. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय हाच.

तिसरं वळण रंगाचं. या फिल्टरने हायड्रोजनचा उजेड लाल चॅनेलमध्ये, म्हणजे रंगीत फोटोच्या लाल थरात, येतो, ऑक्सिजनचा हिरव्या-निळ्यात. घोड्याच्या परिसरात ऑक्सिजनचा उजेड नगण्य आहे. हिरव्या-निळ्यात जे होतं ते ताऱ्यांचं, अल्निटाकभोवतीच्या परावर्तित वलयाचं आणि शहराचं. त्याला ताणून रंग आणणं म्हणजे मुंबईचा उजेड तेजोमेघाच्या नावावर खपवणं. तिने फक्त हायड्रोजनचा भाग वेगळा काढला आणि चित्र कृष्णधवल ठेवलं. नॉइज कमी करणाऱ्या प्रोग्रॅमचा जोरही निम्म्यावर आणला, कारण पूर्ण जोराने घोड्याची आयाळ मेणासारखी गुळगुळीत होत होती.

निकाल

रंगीत सेन्सरच्या चार पिक्सेलपैकी एकच लाल असतो, त्यामुळे हायड्रोजनच्या चित्रात घोड्याची उंची सव्वाशे पिक्सेलच्या आसपास भरते. लहानच. पण नाकाड, मान, मागे पडद्यातले उभे धागे आणि पश्चिमेकडे विरत जाणारा उजेड, सगळं त्यात आहे, आणि थोडा खरखरीतपणाही आहे. १२ बाय ८ इंचांची एक प्रत तिच्या घरात लागली. दुसरी तिने सेक्रेटरींना दिली. त्यांनी रंग कुठे आहे असं विचारलं, आणि तिने त्यांना लाल चॅनेल समजावून सांगितला. पंधरा मिनिटं ते ऐकत होते.

पुन्हा करायचं झालं तर

दिव्याची विनंती पहिल्या रात्रीआधी करायची, यात आता वाद नाही.

डाग ओळखायला मात्र दोन आठवडे लागायला नको होते. घोड्याच्या परिसरात हिरव्या-निळ्या चॅनेलमध्ये तेजोमेघाचा उजेड नगण्य आहे हे आम्हाला ठाऊक होतं. तो कोपरा त्या चॅनेलमध्ये उघडून पाहिला असता तर एलईडीचा डाग तिथेही दिसला असता, आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता. ही पायरी मला सुचली नाही याची रुखरुख आहे. आता प्रत्येक रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी त्या रात्रीचा वेगळा स्टॅक करून दोन्ही चॅनेल पाहायचे, असं तिने ठरवलं आहे. अकरा तास साठवून मग तपासण्यापेक्षा हे फार बरं.

क्रमही बदलता आला असता. आधी कॅमेरा उघडून घेणं, मग ड्युअल-बँड फिल्टर, आणि पहिल्या फिल्टरचे पैसे वाचले असते तर दव रोखणारा गरम पट्टा लवकर आला असता. दवामुळे गेलेले सब त्याने वाचले असते.

ताऱ्यांचा रंग मात्र शहरातून या फिल्टरने मिळत नाही. त्यासाठी माळशेजकडे एकच रात्र पुरेल, फिल्टर न लावता, तासाभराचे सब. डिसेंबरच्या मध्यात घोडा रात्री पाऊणच्या सुमारास दक्षिणेला ६८ अंशांवर, सगळ्यात उंच असतो. बाबा गाडी चालवायला तयार आहेत. तोवर कॅमेरा, दुर्बीण आणि फिल्टर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात आहेत, कारण मुंबईच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरायला वेळ लागत नाही.